रोहिड खोऱ्याचं पुस्तक : कामाच्या नोंदी

भोर तालुक्यातल्या रोहिडा किल्ल्याच्या आसऱ्याने वसलेल्या गावांवर आम्ही तिघं मिळून पुस्तक करतो आहोत: मी, आमचे निवृत्त गुरुजी आणि संगणकाचं काम जाणणारी माझी आतेबहीण. प्रश्न एकच. ही गावं कोणी वसवली? डोंगरउतारावर पहिली भातखाचरं कोणी पाडली, पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या जागेवर, पहिलं घर कोणाचं, नंतर कोण आलं, कोण उठून गेलं? आणखी कोणाला आपल्या खोऱ्याचं असं काम हाती घ्यायचं असेल तर वेळ आणि पैसा कुठे जातो ते आधी कळावं, म्हणून या नोंदी.

11 फेब्रुवारी 2024

आधी छापून आलेलं सगळं एका टेबलावर मांडलं. सगळ्यात वर जेधे शकावली (घटनांची तारीखवार नोंद) आणि जेधे करीना (घराण्याची हकिगत). शकावलीत शके 1540 ते 1619, म्हणजे 1618 ते 1697 या काळातल्या घटना तिथीवार आहेत. कारीच्या जेधे देशमुखांच्या दप्तरातली ही शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. फाल्गुन वद्य 3 शके 1551 ही शिवरायांची जन्मतिथी पुढे मान्य झाली, तिला या शकावलीचा मोठा आधार आहे. इतका मोलाचा कागद आपल्या खोऱ्यातून निघाला, हे आम्ही शाळेपासून अभिमानाने ऐकत आलो आहोत. पण गावांसाठी म्हणून ती वाचायला घेतली की हाताला थोडंच लागतं. स्वाऱ्या, किल्ले, जन्म, मृत्यू आहेत. शेत कोणी कसलं ते नाही.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला स्मरणिका: शाळेच्या शताब्दीची, देवळाच्या जीर्णोद्धाराची, यात्रेची. बहुतेक सगळ्या रायरेश्वराच्या शपथेने सुरू होतात, तिथून थेट अफजलखानावर येतात आणि तिसऱ्या पानापासून देणगीदारांची यादी लागते. तरी एकही फेकली नाही. शेवटच्या पानांवर गावातल्या वाड्या, भावक्या, मानकरी यांच्या याद्या असतात, आणि त्या याद्या दुसरीकडे कुठेही छापलेल्या नाहीत.

3 मार्च

इतिहासकार वि. का. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड 15 ते 18 काढून बसलो. शिवकालीन घराण्यांचे कागद यांत आहेत आणि मावळातल्या देशमुखांचा मोठा भाग त्यात येतो. वाचायची पद्धत बदलावी लागली. पहिल्यापासून वाचत गेलो तेव्हा आठवड्याने लक्षात काहीच राहिलं नव्हतं. आता एका गावाला एक पुठ्ठ्याचं कार्ड. पत्रात गावाचं नाव आलं की कार्डावर खंड, लेखांक, तारीख आणि एक ओळ. व्यक्तींची सूची बऱ्याच जुन्या ग्रंथांत असते, पण आपल्याला गावांची सूची हवी असते आणि ती स्वतःच करावी लागते. हे काम कंटाळवाणं आहे आणि पुढचं सगळं याच्यावर उभं आहे.

गावाचं नाव तीन-चार प्रकारे लिहिलेलं सापडतं. सगळी रूपं कार्डाच्या डोक्यावर लिहून ठेवा. आम्ही आधी एकच रूप धरलं होतं, त्यामुळे पहिले दोन खंड पुन्हा चाळावे लागले.

21 मार्च

आतेबहिणीने जुन्या छापील पानांचे फोटो काढून मोबाईलवर मजकूर ओळखायला लावला. नवीन पुस्तकांवर हे छान चालतं, शंभर वर्षांपूर्वीच्या छपाईवर फसलं. 1962 च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘खोऱ्यांत’, ‘करितां’, ‘आह्मी’ असं लिहिलेलं असतं. अनुस्वाराचे ठिपके आणि कागदावरचे डाग यंत्राला सारखेच दिसतात. ‘अ’ आणि ‘झ’ जुन्या वळणाचे. अंकांचा तर भरवसाच नाही, 1 आणि 9 सर्रास उलटसुलट होतात. तारखांच्या पुस्तकात अंकच चुकले तर उरलं काय?

शेवटी ठरवलं: यंत्राचा मजकूर फक्त शोधण्यापुरता. उतारा घ्यायचा तो हाताने टंकून, आणि अंक दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचून ताडायचे. वेळ दुप्पट लागतो.

14 एप्रिल

गावात कागद पाहायला सुरुवात. चैत्रातल्या यात्रांमुळे पुण्या-मुंबईची माणसं घरी आलेली असतात, म्हणून हाच काळ धरला. हे बरोबर पडलं. कागदाचा डबा गावच्या घरात असतो, पण किल्ली बऱ्याचदा मुंबईच्या भावाकडे.

काय सापडलं त्यापेक्षा काय हातचं गेलं ते आधी सांगतो. एका घरात जुनी सनद जपावी म्हणून लॅमिनेट केलेली होती. प्लॅस्टिकच्या आत शाई पसरली आहे आणि कागद आता सोडवता येत नाही. दुसऱ्या घरात सनद देव्हाऱ्यात, तिच्यावर दर दसऱ्याला हळदकुंकू. मधल्या चार ओळी पिवळ्या थराखाली गेल्या आहेत. या माणसांना दोष देणार कसा? त्यांनी तो कागद देव मानला म्हणून तर तो आजवर राहिला. आम्ही आता प्रत्येक घरी सांगतो की लॅमिनेशन नको, डिंक नको, चिकटपट्टी नको. सुती कापडात सैल गुंडाळा, पत्र्याच्या पेटीत ठेवा, पावसाळ्यानंतर उघडून पाहा, कसर लागली असेल तर ऊन न दाखवता सावलीत झटका.

दुसरी अडचण संशयाची. 2023 पासून कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं उघडली जात आहेत. त्यामुळे मोडी कागद पाहायला कोणी आलं की पहिला प्रश्न येतो, “दाखल्याचं काय काम आहे का?” कोणाला वाटतं आम्ही नोंद काढून देऊ, कोणाला वाटतं आम्ही नोंद बिघडवू. आता घरात शिरण्याआधीच दोन गोष्टी सांगतो: कागद घराबाहेर नेणार नाही, आणि फोटोंचा एक संच त्याच दिवशी तुमच्या मोबाईलवर टाकून मगच उठणार. दुसऱ्या अटीने बरीच दारं उघडली.

फोटो काढताना ट्यूबलाइट बंद करा, खिडकीशी बसा, फ्लॅश मारू नका. कागदाशेजारी पट्टी ठेवा म्हणजे पुढे माप कळतं. पाठीमागच्या बाजूचा फोटो घ्याच. शिक्के, ‘मोर्तब सूद’ ही कागद पुरा झाल्याची खूण आणि पोचल्याची तारीख पुष्कळदा मागे असते.

5 मे

तारखांचा घोळ. इथे आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, म्हणून जरा तपशिलात.

शिवकालीन मराठी कागदात तारीख बहुधा सुहूर सनात असते, आणि ती आकड्यांत नसून अरबी शब्दांत असते. अहद 1, इसन्ने 2, सलास 3, अर्बा 4, खमस 5, सित 6, सबा 7, समान 8, तिसा 9. दशक अशर, अशरीन, सलासीन, अर्बैन, खमसैन, सितैन, सबैन, समानीन, तिसैन. हजाराला अलफ. म्हणजे ‘इसन्ने खमसैन अलफ’ झाले 1052. हा सन मृग नक्षत्राला बदलतो. मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. तेव्हा 1052 म्हणजे इसवी 1651-52.

गोंधळ होतो तो हिजरी सनामुळे. सुहूर सौर आहे आणि हिजरी चांद्र, म्हणून दोन्ही एकमेकांपासून सरकत जातात. उत्तम उदाहरण आपल्याच खोऱ्यातलं. अफजलखान निघाला तेव्हा आदिलशहाने कान्होजी जेध्यांना पाठवलेलं फर्मान 16 जून 1659 चं आहे. त्या दिवशी हिजरी सन 1069 होता आणि सुहूर 1060. नऊ वर्षांचा फरक. एका घरातला कागद आम्ही आधी हिजरी धरून लावला आणि नातू आजोबाच्या आधी पाटील झाला, तेव्हा चूक पकडली गेली.

शिवाय 16 जून 1659 ही जुन्या, ज्युलियन पंचांगाची तारीख आहे. आजच्या पंचांगाने त्या शतकात 10 दिवस मिळवावे लागतात. 19 फेब्रुवारी 1630 ही शिवजयंतीची तारीखही ज्युलियनच आहे. पुस्तकात आम्ही जुनीच ठेवणार, आणि तसं पहिल्या पानावर लिहिणार.

शके सोपा: चैत्र ते डिसेंबर 78, जानेवारी ते फाल्गुन 79. फसली, म्हणजे महसुली सनाला, 590 किंवा 591.

या सगळ्याचा एक तक्ता करून भिंतीवर चिकटवला आहे. तुम्ही काम सुरू कराल त्या दिवशीच करा.

26 मे

मोडी. गुरुजींना छापील वळणाचं मोडी येतं, पण शिवकालीन आणि पेशवाईतल्या घाईच्या हातासमोर त्यांचीही गाडी अडली. मोडीत आधी आडवी रेघ पूर्ण ओळभर ओढून मग अक्षरं लोंबवत नेतात. शब्द तोडलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नसतो. शब्द कुठे संपतो हे अर्थ कळल्याशिवाय कळत नाही, आणि अर्थ लागायला शब्द तोडावे लागतात.

पुण्यातल्या एका मोडी वाचणाऱ्या ताईंना निवडक कागद दिले. दर एका बंदाला (कागदाच्या पट्टीला) 250 रुपये, फार किचकट हात असेल तर 400. सध्या मागणी इतकी आहे की हे त्यांनी आमच्यासाठी कमीच लावले. आम्ही सगळे कागद दिले असते तर छपाईपेक्षा वाचनाचा खर्च जास्त झाला असता. म्हणून गुरुजींनी आधी प्रत्येक कागदाच्या पहिल्या चार ओळी लावल्या: कोणाला, कोणाकडून, मौजे कोणतं, सन काय. विसाव्या शतकातल्या सावकारी गहाणखतांचा ढीग त्यातून बाजूला पडला.

पाटीलकीच्या हक्काचा उल्लेख असलेला प्रत्येक कागद दोन वेगवेगळ्या वाचकांकडून वाचून घेतला. खर्च वाढला. पण एका ठिकाणी पहिल्या वाचनात ‘मिरासी’ होतं तिथे दुसऱ्याने ‘उपरी’ वाचलं. मिरासदार म्हणजे गावात वंशपरंपरा हक्काची जमीन असलेला, उपरी म्हणजे बाहेरून येऊन कसणारा. एका शब्दाने घराची गावातली जागाच बदलते. तिसऱ्याला विचारून निकाल लावला.

20 जुलै

आवणी चालू आहे. खोऱ्यात कोणालाही बोलायला वेळ नाही आणि तो मागूही नये. पावसात गुडघाभर चिखलात उभ्या माणसाला खापरपणजोबाचं नाव विचारणं बरं नाही. घरात बसून नकाशे आणि तक्ते केले. या दिवसांत फिरण्याचं नियोजन करूच नका.

15 सप्टेंबर

आज एका गावात बसलो ते रात्रीपर्यंत. दोन भावक्या, दोघांचा दावा की पांढरीवर पहिला दगड आमच्या मूळ पुरुषाचा. एका बाजूला जुना महजर, दुसऱ्या बाजूला यात्रेत पहिल्या नारळाचा मान. आवाज चढले. पुस्तकात आमचं नाव दुसऱ्या क्रमांकावर आलं तर आमच्या दारात पुस्तक आणू नका, असंही ऐकून घेतलं.

घरी येताना गुरुजी म्हणाले, “अरे, तो महजर तरी कशामुळे झाला? असंच भांडण झालं म्हणून.” मी तेव्हापासून त्याच विचारात आहे.

खरंच, हातातले सगळे मोठे कागद पाहा. महजर म्हणजे गोतसभेने वतनाच्या तंट्यावर दिलेला निवाडा. करीना म्हणजे आपला हक्क कसा खरा आहे हे सांगणारी घराण्याची हकिगत. खोऱ्याच्या देशमुखीसाठी जेधे आणि उत्रौलीचे खोपडे यांच्यात तंटा होता, त्यातून कागद झाले. निवाडा जमत नसेल तर दिव्य व्हायचं, उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा हाताने काढायचा, आणि त्याचीही लेखी नोंद व्हायची. ज्याच्याकडे गमावण्यासारखं वतन होतं त्याने कागद केला आणि जपला. ज्याच्याकडे नव्हतं, किंवा ज्याच्या हक्काला कोणी आव्हानच दिलं नाही, त्याचा कागद झाला नाही. आमचं पुस्तक फक्त कागदावर उभं राहिलं तर ते खोऱ्याचं न होता खोऱ्यातल्या तंट्यांचं होईल.

तेव्हा दोन निर्णय. गावच्या प्रकरणात पहिला-दुसरा असा क्रम लावायचा नाही. जे विधान करू त्याच्या शेजारी ते कागदावरून आहे, दगडावरून आहे की तोंडी आहे ते छापायचं. आणि उरलेले महिने कागद नसलेल्या माणसांसाठी ठेवायचे.

याच नियमात खोऱ्यातलं सगळ्यात गाजलेलं पत्रही बसवलं. रोहिड खोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभू यांना शिवरायांनी 1645 मध्ये लिहिलेलं म्हणून जे पत्र सांगतात, त्याच्या अस्सलपणाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. पुस्तकात ते पत्र असेल, मतभेदही असेल. यावरून आमच्यातच वाद झाला. आतेबहिणीला वाटतं लोक दुखावतील. माझं मत पक्कं आहे: आपल्या मातीवर प्रेम असलेल्या वाचकाला खरं सांगितलंच पाहिजे.

10 नोव्हेंबर

भातकाढणी आटोपत आली, खळ्यावर माणसं भेटतात.

गेले काही आठवडे गतकुळाच्या मागे होतो. मिरासदाराचं घराणं नष्ट झालं किंवा परागंदा झालं की त्याची जमीन ‘गतकुळ’ म्हणून नोंदली जायची. जुन्या थळांच्या (गावातल्या जमिनीच्या मोठ्या वाट्यांच्या) नोंदीत अशी जमीन दिसली की समजावं, इथे आताच्या लोकांआधी कोणीतरी राहत होतं. 1630 च्या दुष्काळात दख्खन ओस पडली, त्याआधीच्या दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण तर अजून म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. ओस गाव पुन्हा वसवायला सरकार कौल द्यायचं: या, जमीन मोडा, पहिल्या वर्षी नाममात्र सारा, मग दरसाल थोडा वाढता, आणि काही वर्षांनी पूर्ण. याला इस्तावा म्हणतात. ‘आमचा मूळ पुरुष कौल घेऊन आला’ असं ज्या घरात सांगतात तिथे तो पहिला वसाहतवाला नसून दुसरा किंवा तिसरा असण्याचीच शक्यता जास्त. हे सांगितल्यावर दोन-तीन घरांतून नाराजी आली, पण बऱ्याच जणांना उलट कुतूहल वाटलं: मग आमच्या आधी कोण होतं?

शेतांच्या नावांतून काही धागे मिळाले. आज त्या आडनावाचं एकही घर गावात नाही, पण वावराला ते नाव चिकटून आहे. अशी नावं सातबाऱ्यात नसतात, सर्व्हे नंबर असतात. शेतावर जाऊन, बांधावर उभं राहून विचारावी लागतात. नांगर धरणारी शेवटची पिढी आहे तोवरच हे होईल.

24 नोव्हेंबर

महारवाड्यातल्या एका आजोबांकडे बसलो. वेशीची राखण, सारा पोचवणं, हद्दीच्या तंट्यात साक्ष देणं, ही त्यांच्या वाडवडलांची कामं. गावाची शीव कुठून कुठे जाते हे सांगायचा मान महाराचा होता, आणि निवाड्यात त्यांचा शब्द प्रमाण धरत. मोबदल्यात हाडकी-हाडोळ्याची जमीन. ही वतनं 1958 च्या कायद्याने गेली. आजोबांनी शीवेवरचे दगड, ओढे, झाडं एकामागून एक सांगितली. त्यातली काही झाडं आता नाहीत, पण ओढे जुळले. छापील महजरातल्या शीवेच्या वर्णनाशी मी ते ताडून पाहिलं तेव्हा अंगावर काटा आला. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वीची ओळ त्यांना तोंडपाठ होती. ही साक्ष देणारं घराणं गावच्या एकाही स्मरणिकेत नाही. त्यांच्या नावाचं प्रकरण पुस्तकात पहिल्या भागात येईल, बलुतेदारांच्या यादीत शेवटी नाही.

रामोशी, धनगर, कातकरी वस्त्यांवरही असंच जायचं आहे. धनगरवाडे डोंगरमाथ्यावर आहेत, चढायला वेळ धरा.

गाव नमुना 14, ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, ती जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही. कचेरीत रीतसर अर्ज केला, नक्कल फी भरली. काही गावांच्या वह्या मिळाल्या, काहींच्या वाळवीने खाल्ल्या आहेत. देशमुख असो की कातकरी, मेलेल्या प्रत्येकाची ओळ तिच्यात आहे. प्लेगच्या आणि 1918 च्या इन्फ्लुएंझाच्या सालांत पानंच्या पानं भरलेली. गावात कोण राहत होतं याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही.

12 जानेवारी 2025

वंशावळीत बाई नाही. सात पिढ्यांचं झाड, सगळी पुरुषांची नावं. मोडी कागदात ‘कोम’ हा शब्द शोधला की थोड्या सापडतात, कारण ‘अमुकबाई कोम तमुक’ म्हणजे तमुकची बायको. बहुतेक विधवा, हक्कासाठी उभ्या राहिलेल्या.

आतेबहिणीने इथे नवीनच काम उभं केलं. प्रत्येक घरातल्या म्हाताऱ्या बाईला एवढंच विचारायचं: तुमचं माहेर कोणतं, सासूचं कोणतं, आजेसासूचं कोणतं? मग ते नकाशावर रेघांनी जोडायचं. चार पिढ्यांच्या रेघा काढल्यावर जे दिसलं ते एकाही छापील पुस्तकात नाही. खोऱ्यातल्या सोयरिकी नदीच्या काठाने कमी आणि खिंडी ओलांडून जास्त. वाईकडच्या, हिरडस मावळातल्या, वेळवंड खोऱ्यातल्या मुली इकडे आल्या. कुठलंही गाव घ्या, बाहेरून येऊन तिथे वसणाऱ्यांमध्ये बायकाच जास्त आहेत, प्रत्येक पिढीत.

जात्यावरच्या ओव्या मागितल्या. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ यांनी पुणे जिल्ह्यातल्या गावांपासून सुरुवात करून एक लाखावर ओव्या गोळा केल्या, त्यामुळे कसं विचारायचं ते शिकता आलं. नुसतं “ओव्या म्हणा” म्हटलं की कोणी म्हणत नाही. जातं मांडलं, मूठभर नाचणी टाकली, की हात फिरायला लागतो आणि ओवी येते. ध्वनिमुद्रणात जात्याची घरघर फार येते. मोबाईल जमिनीवर न ठेवता खुंटीला टांगला आणि कॉलरचा 900 रुपयांचा माईक घेतला, त्याने भागलं.

9 फेब्रुवारी

वीरगळ. देवळाच्या आवारात, ओढ्याकाठी, काही तर पायरी म्हणून वापरलेले. दुपारी फोटो काढले ते सगळे सपाट आले. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना काढले की खालच्या चौकटीतली लढाई, मधल्या चौकटीतल्या अप्सरा आणि वरची शिवपूजा उठून दिसते. उन्हाची वेळ जुळत नसेल तर बाजूने बॅटरी धरा. दगडावर खडू, तेल, पीठ काहीही लावू नका. शेंदराचा थर खरवडायला तर कोणालाच सांगू नका.

आंबवड्याला नागेश्वराच्या दर्शनाने दिवस संपवला. तिथे कान्होजी जेध्यांची समाधी आहे, जिवा महालांचीही आहे. एक देशमुख, दुसरा नाभिक समाजातला. पुस्तकाचं मुखपृष्ठ काय असावं याचा निर्णय तिथेच झाला: दोन्ही समाध्या, सारख्या आकारात.

16 मार्च

नाशिकला तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहून आलो. गाव, आडनाव आणि जात सांगितली की आपल्या भागाचे उपाध्ये कोण ते कळतं. पूर्वी कोण दशक्रियेला, यात्रेला आलं, सोबत कोण होतं, मुलं किती, सगळं त्यांच्या वह्यांत. जुन्या नोंदी मोडीत. फोटो काढू देतीलच असं नाही, काढू दिले तर फक्त आपल्या कुळाचे. इतरांच्या कुळाची नोंद हवी तर त्या घरातला माणूस सोबत न्यावा लागतो, आणि ते योग्यच आहे. आम्ही गाडी करून पाच घरांतली माणसं नेली. गाडी, जेवण, दक्षिणा मिळून साडेनऊ हजार. तीन घरांच्या दोन-दोन पिढ्या मागे सरकल्या, आणि एका सासूबाईंचं नाव मिळालं जे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

27 एप्रिल

मजकूर जुळणीला दिला आणि महिना वाया गेला. जुळणी करणाऱ्यांनी युनिकोडमधला मजकूर त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये बदलून घेतला. बदलताना ‘ऱ्य’ मोडला. आमच्या पुस्तकात ‘खोऱ्यात’, ‘खोऱ्याचा’ पानोपानी आहे. सगळीकडे ‘खोर्यात’. शोधून बदलायला गेलो तर तेही सरळ नाही, कारण हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकता येतो: नुक्ता असलेला ‘ऱ’ वापरून, किंवा साध्या ‘र’ला हलन्त देऊन पुढे अदृश्य जोडचिन्ह घालून. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. आमच्या तिघांच्या फायलींत दोन्ही प्रकार होते. उपाय: जुळणीला देण्याआधी सगळा मजकूर एकाच प्रकारात आणा, युनिकोडमध्येच जुळणी करणारा माणूस शोधा, आणि आधी चारच पानं करून घ्या. आम्ही जुळणी दुसरीकडे पुन्हा केली, 14 हजार जास्तीचे गेले.

18 मे

छपाईचा हिशेब. डेमी आकार, 272 पानं म्हणजे 16 पानी 17 फॉर्म, 500 प्रती, शिलाई बांधणी. दरपत्रकं 88 हजार ते 1 लाख 15 हजार. नुसत्या चिकट बांधणीने आठ हजार वाचत होते, पण हे पुस्तक घरोघरी हाताळलं जाणार, पानं सुटून चालणार नाहीत. आयएसबीएन क्रमांकाला पैसे पडत नाहीत, अर्ज लवकर करा. छापल्यावर 1954 च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह ठरलेल्या ग्रंथालयांना प्रती पाठवायच्या असतात. त्या प्रती आधीच बाजूला धरा.

मोठी देणगी देऊ करणाऱ्या एकांना आपला फोटो पहिल्या पानावर हवा होता. नम्रपणे नाही म्हटलं. त्याऐवजी 300 घरांकडून आगाऊ नोंदणीचे 200 रुपये घेतले, त्यातून निम्म्याहून जास्त खर्च निघाला. देणगीदारांची यादी पुस्तकात नाही. पण ज्यांनी माहिती सांगितली त्या प्रत्येकाचं नाव, त्यांच्या संमतीने, त्या-त्या गावच्या प्रकरणाखाली आहे.

छापायच्या आधी प्रत्येक गावचं प्रकरण त्या गावच्या देवळात मोठ्याने वाचून दाखवलं. सप्टेंबरमध्ये भांडलेल्या दोन्ही भावक्या समोरासमोर बसल्या होत्या. कागद, दगड, तोंडी, अशा खुणांसह दोघांची बाजू ऐकून झाली, आणि एका तरुणाने उठून तिसऱ्याच, आता गावात नसलेल्या आडनावाच्या वावराबद्दल विचारलं. पुढचा तासभर सगळे त्याच्यावरच बोलत होते.

29 जून

प्रती वाटून होत आल्या. शुद्धिपत्राला सुरुवात झाली आहे: दोन आडनावं चुकली, एका वाडीची जागा नकाशात ओढ्याच्या पलीकडे गेली, एका सनाची बेरीज चुकली. चौथी दुरुस्ती मोठी आहे. पूर्वी गिरणीत काम करणाऱ्या, मुंबईतच स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने पुस्तक पाहून कळवलं की त्यांच्याकडे पत्र्याच्या नळीत एक कौलनामा आहे. फोटोत ‘मौजे’च्या पुढचं गावाचं नाव घडीवर फाटलेलं आहे, सन मात्र स्वच्छ वाचता येतो. पुढच्या आठवड्यात मूळ कागद पाहायला जातो आहोत. पट्टी, सुती कापड आणि तारखांचा तक्ता पिशवीत भरून ठेवला आहे.